पाठीमागची भिंत

कपाटाची मागची बाजू कुणी बघत नाही, यावर तिचं पोट चाललं होतं.

घरं विकणाऱ्या आणि फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर ज्या खोल्यांतून बोटाने फिरता येतं, तसल्या खोल्या ती बनवायची. लिंक उघडायची, बोट सरकवायचं, की दिवाणखाना, तिथून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनी. सगळं ब्राउझरमध्येच, काही डाउनलोड करायला नको. खोली क्षणात उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक पळतं, म्हणून या धंद्यात सगळी हुशारी काम वाचवण्यात. कपाट भिंतीला लागून असेल तर त्याला पाठ द्यायची नाही. ड्रॉवर उघडायचा नसेल तर आत पोकळी ठेवायची नाही. आणि बघणाऱ्याची नजर जिकडे नाही तिकडचं तर मशीन काढतच नाही. नजर वळली की वळता वळता काढून मोकळं होतं, इतकं चटकन की कुणाला पत्ता लागत नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा भिंग याला 'प्रामाणिक आळस' म्हणायचा. दुसऱ्यांच्या कामातल्या बारीकसारीक चुका काढायची खोड होती त्याला, म्हणून ऑफिसात सगळे त्याला भिंगच म्हणत.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा हेही निभावून नेऊ असं तिला वाटलं होतं. डावा हात, डावा पाय गेला आणि मान डावीकडे वळेनाशी झाली. जन्मभर बस चालवलेला माणूस. घरात खुर्ची मागे सरकवायची तरी आधी मागे बघून घेणारा. तो आता आजारी माणसांच्या केंद्रात एका खोलीत पाठीवर पडून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहायचा. खोलीचं दार त्यांच्या उशाकडच्या भिंतीत होतं, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे माणूस पायथ्याशी येऊन उभं राहीपर्यंत त्यांना दिसायचंच नाही. याचाच त्यांना सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर येईल हळूहळू ताळ्यावर. पण त्यांना तसं वाटलं पाहिजे. मन रमेल असं काहीतरी द्या."

तिला जे देता येत होतं ते तिने दिलं. जुनं घर. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, जिथे ती लहानाची मोठी झाली आणि जिथे आई गेली. ती इमारत केव्हाच पाडून झाली होती. तिने जुने फोटो गोळा केले आणि उरलेलं बाबांकडून काढून घेतलं. ती विचारायची आणि ते अर्ध्या तोंडाने, शब्द चघळत सांगायचे.

"ओट्याचा कोपरा तुटका होता."

"कुठला बाबा? डावा?"

"तू डोकं आपटून घेतलं होतंस तो. मला काय विचारतेस, कपाळ चाचपून बघ."

टॅबलेट त्यांच्या उजव्या हाताशी ठेवून तिने पहिल्यांदा लिंक उघडली, तेव्हा बाबा किती तरी वेळ त्या घराच्या दारातच थांबून राहिले. मग बोट हललं. खिडकीपाशी गेले, ओट्यापाशी गेले, परत खिडकीपाशी आले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. तिलाही भरून आलं. आपल्या कामाचा कुणाला इतका उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांची आरशाची भुणभुण सुरू झाली. मोरीबाहेर त्यांचा दाढीचा आरसा असायचा, तिथे तिने नुसता राखाडी चौकोन ठेवला होता. आरसा म्हणजे मशीनला अख्खी खोली दुसऱ्यांदा काढायला लावायची, आणि टॅबलेट जुना. पण बाबा ऐकेनात. शेवटी तिने दोन दिवस घालून आरसा केला. बाबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मी कुठाय?"

"तुम्ही नाही दिसणार बाबा. त्या घरात फिरतात ते फक्त तुमचे डोळे. फिरणाऱ्याला अंग नसतं."

"आणि माझ्या मागे काय आहे?"

"आरशात बघता तेवढा वेळ खोली आहे. नाही तर काही नाही."

"काही नाही म्हणजे? अंधार?"

"अंधारसुद्धा काढावा लागतो, बाबा. तोही नसतो. तुम्ही बघाल तेवढंच असतं."

ती हसली. बाबा हसले नाहीत. बसच्या आरशात मागची मोटारसायकल एकाएकी दिसेनाशी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते तिला त्या वेळी दिसलं. पण तेव्हा तिने त्याचा विचार केला नाही.

पहिल्यांदा गेलं ते घड्याळ. बाबांच्या उशाच्या वर भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, मोठ्याने टिकटिकणारं. तिथे बसलं की ते तिच्या डोक्यात जायचं. एका दुपारी तिच्या लक्षात आलं की खोली फार शांत आहे. वर पाहिलं तर घड्याळ नव्हतं. तिने नर्सला विचारलं. ही नर्स मनाने चांगली, पण तोंडाने फटकळ होती.

"मला विचारू नका हो. या खोलीत सामान टिकतच नाही. उशामागे पाण्याचा जग ठेवला, गेला. चष्म्याची डबी ठेवली, गेली. तुमचे बाबा तर हलत नाहीत. मग मीच खाल्ली असेल!"

नर्स गेल्यावर तिने भिंत नीट पाहिली. घड्याळ काढलं तर खिळा राहायला हवा होता, निदान खिळ्याचं भोक. काहीच नव्हतं. तिने पलंग थोडा पुढे ओढला. पलंगाच्या पाठीमागे, जिथे कुणाची नजर जायचं कारण नाही तिथे, भिंतीला रंगच नव्हता. पोपडे नव्हते, डाग नव्हते, धूळसुद्धा नव्हती. होता तो एक सपाट राखाडी. रंग द्यायच्या आधीच्या तिच्या कपाटांना असतो, तोच. तिने हात लावला. भिंत गारही लागली नाही आणि गरमही लागली नाही. तिने हात मागे घेतला आणि कारण नसताना ओढणीला पुसला.

तिने स्वतःला समजावलं. रंगकाम अर्धवट राहिलं असेल, घड्याळ कुणी नेलं असेल, आपली झोप पुरी होत नाही. समजावण्यात ती तरबेज होती.

पुढच्या खेपेला बाबांनीच विषय काढला. ती त्यांच्या उजव्या हाताला, उशाशी स्टूल घेऊन बसली होती, कारण तेवढ्याच बाजूला त्यांना मान वळवता यायची.

"चिमणे, तू इथून जातेस तेव्हा कुठे जातेस?"

"घरी. नाही तर ऑफिसात. कुठे जाणार?"

"तुझी चप्पल दारापर्यंत वाजते. मग वाजत नाही."

"लांब गेल्यावर कशी वाजेल?"

"लांब जाताना आवाज बारीक होत होत जातो गं. तसा जात नाही. कापल्यासारखा बंद होतो. नर्सची वाजते. तुझीच नाही."

तिने हसण्यावारी नेलं. आणि उठून ती दाराशी गेली. तिने दार ढकललं.

आणि दार ढकलूनच ती आत येत होती.

हातात तीच पिशवी. कुर्त्यावर सकाळी सांडलेल्या चहाचा तोच डाग, अजून ओलसर. बाहेर मात्र मघाशी कलत आलेलं ऊन आता पार चढलेलं होतं आणि बाबांच्या हनुवटीवर बरेच खुंट वाढले होते. मधलं काही आठवेना. घरी गेल्याचं नाही, झोपल्याचं नाही, जेवल्याचं नाही. विसर पडला की मागे काहीतरी होतं याची खूण तरी राहते, इथे तीही नव्हती. तिला भूक नव्हती. थकवाही नव्हता.

पिशवीत फोन वाजला. भिंग होता.

"अगं, आहेस कुठे तू? तुझा नंबर लावला की असा नंबरच नाही म्हणून सांगतात."

"मी बाबांकडे आहे. काल ऑफिसात होते की."

"काल? आठवडा झाला तुला येऊन." चुका पकडताना त्याचा आवाज चढायचा, आज उतरला होता. "खरं सांगू? मला त्याचंच काही सुचेनासं झालंय. आठवडाभर शेजारची खुर्ची रिकामी, आणि मला ते खटकलंच नाही. कुणालाच नाही. आत्ता एकदम आठवलं, की अरे, इथे तू बसतेस."

फोन ठेवून ती पलंगाच्या पायथ्याशी आली. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांची नजर सुटली की ती उरत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही कळलं होतं. दोघं एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प बसले होते, एवढंच.

ती शाळेत असताना बाबांची बस तिच्या शाळेवरून जायची. सकाळी ती त्याच बसने जायची. ती उतरली की बाबा गाडी हलवायचे नाहीत. बाजूच्या आरशात बघत बसायचे, ती फाटकातून आत जाईपर्यंत. मागून लोक ओरडायचे, "अहो ड्रायव्हर, मुहूर्त काढताय का?" कंडक्टर घंटी मारून दमायचा. ती फाटकात शिरली की मगच गियर पडायचा. तिला त्याची फार लाज वाटायची, मैत्रिणी चिडवायच्या. आणि आरशातले ते दोन डोळे दिसले नाहीत तर आत पाऊल टाकवत नसे, हेही तितकंच खरं होतं.

तोच आरसा तिला हवा होता. बाबा निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या माणसांनी त्यांना बसचा आरसा काढून भेट दिला होता, फुगीर काचेचा, अख्खी गल्ली दाखवणारा. तो तिच्या घरी माळ्यावर होता. पण घरी जायचं म्हणजे दाराबाहेर जायचं. तिने भिंगला फोन करून शेजाऱ्यांकडच्या किल्लीचं सांगितलं, आणि तो येईपर्यंत बाबांच्या नजरेसमोरून हलली नाही. भिंगने आरसा आणून दिला, खोलीकडे एकदा पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा एकही चूक न काढता निघून गेला.

आरसा तिने बाबांच्या समोरच्या भिंतीवर टांगला. वाकडा झाला, सरळ केला.

"आता?"

बाबांनी डोळे बारीक केले. "दार दिसतं. दाराबाहेरचा व्हरांडा, जिन्यापर्यंत. उशामागची भिंत..." आणि तिच्या पाठीमागे घड्याळ टिकटिकायला लागलं.

ती वळली. घड्याळ जागेवर होतं. खाली उशामागे पाण्याचा जग, चष्म्याची डबी. भिंतीला फिकट पिवळा रंग, पलंगाच्या कडेला तेलकट डाग. तो डाग बघून तिला इतका आनंद झाला की ती रडायलाच लागली.

"सगळं दिसतं, चिमणे," बाबा म्हणाले. "मीच तेवढा नाही त्यात."

"आहात की. मला चांगले दिसताय, पांघरुणासकट."

"तुला दिसत असेन."

तिने आरसा जरा खाली कलता केला. बाबांनी परत पाहिलं, मान हलवली आणि विषय सोडून दिला.

त्या दिवसापासून तिचं जाणं-येणं सुरळीत झालं. जिना आठवायचा, रस्ता आठवायचा, ऑफिसातला भिंगचा खवचटपणा आठवायचा. ती व्हरांड्याच्या टोकाशी वळून दिसेनाशी झाली तरी आपली नजर आरशातल्या त्या दारावर राहिली की पुरे, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. आणि ते खरंही ठरत होतं. ते बघत राहायचे. ती परत येईपर्यंत.

म्हणजे ते झोपत नव्हते.

हे तिला नर्सने सांगितलं. "काय लावलंय यांनी? आरशाकडे टक लावून असतात. डोळा लागायला आला की स्वतःला चिमटे काढतात. हा बघा हात."

उजवा हात त्यांनी डाव्या दंडावर चालवला होता. दंड काळानिळा झाला होता. तो दंड जिवंत नव्हता, दुखत नव्हता, तरी चिमटे काढत होते बिचारे. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावलं नाही, तिथेच हळू आवाजात सांगितलं. झोपेचं औषध हृदयाला सोसणार नाही. आपणहून झोप लागली तर ठीक. असेच जागे राहिले तर आठवडा काढतील असं वाटत नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. ती उशाशी, नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली. दार तिच्या पाठीशी, घड्याळ तिच्या डोक्यावर. बाबांनी मान तिच्याकडे वळवली. डोळे लाल, खोल गेलेले. त्या डोळ्यांत ती होती.

भीती तर वाटत होतीच. दार ढकलून परत आत आल्यावर मधे जे नव्हतं, त्यात आता कायमचं जायचं होतं. पण बाबांचा तो दंड तिला बघवत नव्हता.

"बाबा, एक सांगू? मी तेव्हा थाप मारली होती."

"कसली?"

"मागे काही नसतं म्हटलं ना, ती. सगळं असतं. मशीन सगळं आधीच काढून ठेवतं. उगाच भाव खायला बोलले मी."

बाबा बघत राहिले.

"खरं?"

"तुमची शपथ."

"मग मी झोपलो तरी..."

"मी इथेच. तुम्ही उठाल तेव्हा इथेच असेन."

त्यांनी उजवा हात उचलून तिच्या गालाला लावला. बसच्या आरशातून बघायचे तसं एकदा नीट बघून घेतलं. मग पापण्या खाली आल्या.

तिने स्टुलाची कड घट्ट धरली.

काही झालं नाही.

घड्याळ टिकटिकत होतं. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. तिने आपले हात पाहिले, हात होते. नखं होती, नखांवरचा उडालेला रंग होता. बाबांचा श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं, आणि ते घोरायला लागले. अगदी पूर्वीसारखे. तिला हसू आलं आणि हसता हसता हुंदका आला. थाप नव्हतीच ती. खरंच होतं. सगळं असतं.

तिने मान वर करून समोरच्या आरशात पाहिलं.

पलंग दिसत होता. पलंगावर बाबा, छातीपर्यंत पांघरूण. घड्याळ, पाण्याचा जग, उघडं दार, दारातून जिन्यापर्यंतचा व्हरांडा. उशाशी स्टूल.

स्टूल रिकामं होतं. त्याची गादी मधोमध दबलेली होती.

तिने हात हलवला. आरशात काहीच हललं नाही.

तेवढ्यात आरशातल्या व्हरांड्यातून नर्स चालत आली. चप्पल चटक चटक वाजत होती. खोलीत येऊन ती तिच्या शेजारी थांबली, झोपलेल्या बाबांकडे बघितलं आणि खूश होऊन तिच्या खांद्यावर थोपटलं.

"लागली एकदाची!" नर्स कुजबुजली. "पण हे ऊन बघा कसं चमकतंय त्या काचेवरून. थेट तोंडावर येतंय त्यांच्या."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

"अहो, जाग येईल ना."

नर्सने टॉवेल घेतला आणि आरशावर टाकला.

तिने झटकन मान वळवली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा होते. श्वास चालू होता. डोक्यावरची टिकटिक थांबली होती.

"काही लागलं तर हाक मारा," नर्स तिच्या पाठीमागून म्हणाली.

चप्पल दारापर्यंत वाजली. मग वाजली नाही.

ती वळली नाही. तिने बाबांच्या चेहऱ्यावर नजर रोखून धरली. डोळ्यांची आग व्हायला लागली होती.